आरतीचं ठरायचं राहिलं, आक्का

आक्का,

तू गेल्यावर तुझ्या पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमात जो उठेल तो तुला 'माऊली' म्हणत होता. दिव्यांगांची माऊली, लेकरांची माऊली. मी मागच्या रांगेत बसून ऐकत होतो आणि मला सारखं वाटत होतं, आता तू उठणार आणि म्हणणार, "माऊली कोन रं? माझं स्पेशल बीएड झालंय. मला पगार हाय." हे तुझं वाक्य अख्ख्या निपाणी तालुक्यातल्या शिक्षकांना पाठ होतं. त्या दिवशी ते कुणालाच आठवलं नाही. आठवलं असेल तरी अशा वेळी कोण बोलून दाखवणार!

मलाही पुढं बोलावलं. "विलास सर, तुम्ही बरोबरीनं काम केलंय, दोन शब्द बोला." मी बसल्या जागेवरून हात जोडले. मी फिजिओथेरपिस्ट. गुडघ्याबद्दल मला तासभर बोलता येतं. पण तुझ्याबद्दल माईकवर काय बोलू? तुझ्याबद्दल मी कधी कुणाशी बोललोच नव्हतो. जे बोललो ते तुझ्याशी, आणि तेही बहुतेक वेळा आवाज चढवून. म्हणून आज हे तुझ्याशीच बोलतो आहे. ऐकून मधेच तोंड घालायची तुझी सवय आज कामाला येणार नाही, एवढंच वाईट.

कार्यक्रम संपला, मी चपला शोधत होतो, तेव्हा तुझा भाऊ समोर आला. दादू. मी त्याला पहिल्यांदाच पाहत होतो. तू त्याच्याबद्दल मला एकदाच सांगितलं होतंस. त्याला जन्मापासून ऐकू येत नाही, आणि तुझी आई तंबाखूच्या वखारीतून सुटली की त्याला घेऊन कुठल्या ना कुठल्या डॉक्टरकडं, देवऋष्याकडं जायची, आधी कान बरा होऊ दे, मग शाळेत घालू म्हणत. कान बरा झाला नाही आणि शाळा राहूनच गेली. त्यानं माझ्याकडं नीट बघितलं. मग दोन्ही हात हवेत धरून उजवी मूठ पिळली, मोटरसायकलला गती देतात तशी. नंतर अंगठ्यानं मागच्या सीटची खूण केली आणि तुझ्या फोटोकडं बोट दाखवलं.

म्हणजे तू घरी जाऊन हातवाऱ्यांनी माझ्याबद्दल सांगत होतीस. इतकी वर्षं माझ्या गाडीवर मागं बसून फिरलीस आणि तुझ्या घरात माझी एक खूण आहे हे मला कधी बोलली नाहीस. मी दादूचा हात धरून उभा राहिलो. त्याला जे सांगायचं ते मला हातांनी सांगता येत नव्हतं.

आपली पहिली भेट तुला आठवत असणार, कारण ती गोष्ट तू प्रत्येक नव्या माणसाला तिखटमीठ लावून सांगायचीस. निपाणीतल्या शाळेत मुलांच्या तपासणीचं शिबिर होतं. प्रत्येकाला वेगळं टेबल. कानाचं एक, डोळ्यांचं एक, हाडांचं एक, बुद्धी तपासणाऱ्यांचं एक. मी माझ्या टेबलावर होतो आणि तू हॉलच्या पार दुसऱ्या टोकाला, शिक्षणाच्या टेबलावर. एक बाई कडेवर मुलगी घेऊन टेबलांमागून टेबलं फिरत होती. ती सुरेखा, आणि कडेवरची आरती. आरती जन्मली तेव्हा रडली नव्हती. तिचे पाय कात्रीसारखे एकमेकांवर चढलेले, मान डावीकडं झुकलेली. शाळेत घालायचं वय झालं होतं. सुरेखा प्रत्येक टेबलावर तीच हकीकत सांगत होती. बाळंतपण कुठं झालं, मूल कधी रडलं, ताप कधी आला. माझ्यापर्यंत आली तोवर तिचा आवाज बसला होता आणि मीसुद्धा पेन उचलून तेच विचारलं, "रडली होती का जन्मल्यावर?"

तेवढ्यात खुर्ची फरशीवरून ओढत आणल्याचा आवाज झाला. तू आपली खुर्ची घेऊन हॉल ओलांडून आलीस आणि माझ्या टेबलापाशी बसलीस. मला म्हणालीस, "सरक." मग सुरेखाकडं वळून, "बाई, बसा. पानी प्या. आता एकदाच सांगा. आमी दोगं एका टायमाला ऐकतो."

शिबिराचे साहेब धावत आले. "मॅडम, तुमचं टेबल तिकडं आहे."

"टेबल हाय की तिकडं. मी हितं हाय."

मी तेव्हा नुकताच नोकरीला लागलो होतो, खानापूरकडच्या खेड्यातून बेळगावात आलेला. मला तुझा भयंकर राग आला होता. आणि तूही मला डॉक्टर म्हणायचीस ती चिडवायलाच. तुझ्याकडं रागानं बघत मी आरतीचे पाय तपासत होतो आणि तू तिच्या हातात एक लाल मणी दिलास. तिनं तो मुठीत धरला, सोडला, परत मागितला. मी म्हणालो, "टाचेच्या वरच्या शिरा आखडल्यात." तू म्हणालीस, "हुशार हाय पोरगी." दोघंही एकदम बोललो. कुणाकडं बघायचं सुरेखाला कळेना. पण आक्का, त्या दिवसापर्यंत तिला तिच्या मुलीबद्दल कुणी 'हुशार' म्हटलं नव्हतं, आणि ती तुझ्याकडंच बघत राहिली.

पुढं बेळगावात आपलं प्रशिक्षण झालं. मोठा हॉल, भिंतीवर पडदा, पडद्यावर एकात एक गुंतलेली वर्तुळं. समन्वय, समन्वय. जेवणाच्या सुटीत तू भाताचं ताट हातात धरून म्हणालीस, "समन्वय म्हंजे काय रं इलासा? एका घरात दोगांनी एकाच येळी जायचं, एवडंच की." आणि दुसऱ्याच आठवड्यात तू निपाणीच्या स्टँडवर उभी होतीस, खांद्याला ती मण्यांची आणि लाकडी अक्षरांची पिशवी, मी बेळगावहून येणार त्याची वाट बघत. मी विचारलंही नव्हतं. तू मागं बसलीस आणि म्हणालीस, "चल."

तेव्हापासून आपण जोडीनं जात राहिलो. आणि जोडीनं भांडत राहिलो.

मी पाय ताणायला घेतले की आरती रडायची. तू तेवढ्यात पाढे सुरू करायचीस. मी म्हणायचो, "आक्का, तिचं लक्ष उडतं. तिनं स्नायू सैल सोडायला पाहिजे." तू म्हणायचीस, "लक्ष उडलं म्हनूनच रडं थांबलं. बघ की जरा." मी म्हणायचो हा माझा तास आहे. तू म्हणायचीस पोरीचा तास हाय. सुरेखा चुलीपाशी बसून हसायची. आपल्यातलं कोण जिंकलं ते तिला बरोबर कळायचं, कारण जिंकलेल्याचा आवाज आधी खाली यायचा.

पण त्याच भांडणातून ती अक्षरांची भिंत झाली. तू पुठ्ठ्याची अक्षरं भिंतीला चिकटवत होतीस, खाली बसलेल्या आरतीला हाताशी येतील अशी. मी म्हणालो, वर लाव. तू म्हणालीस, तिला पुरणार न्हाईत. मी म्हणालो, म्हणूनच वर लाव. तू थांबलीस. मला एकदा वरपासून खालपर्यंत बघितलंस आणि सगळी अक्षरं उपटून परत लावलीस. 'क' कमरेच्या उंचीवर, 'ज्ञ' पार वर. मी मागून कंबर धरायचो, आरती गुडघे थरथरत उभी राहायची आणि तू म्हणशील ते अक्षर गाठायची. दुसऱ्या भिंतीवर तू कन्नड अक्षरं लावलीस. मी विचारलं, हे कशाला, शाळा तर मराठी. तू म्हणालीस, "उद्या तिचा कन्नडातला सरकारी अर्ज तिनं वाचायचा का दुसऱ्यानं?" त्या भिंतीपाशी तिचे पाय किती सरळ झाले आणि ती किती शिकली हे वेगवेगळं सांगायला मला कुणी सांगितलं तर येणार नाही.

तू माझ्याशी सरळ गोड बोललेला एकच दिवस मला आठवतो. आरतीला शाळेत घालायचं होतं. मुख्याध्यापक चांगला माणूस, पण घाबरट. म्हणाले, "पाय जरा बरे झाले की आणा. पडली बिडली तर जबाबदारी कुणाची?" तू काही बोलशील असं वाटलं, तोच मला कोपरानं ढोसलंस. "तू बोल. तुझं ऐकतील." मी म्हणालो, "सर, पाय बरे व्हायचे नाहीत. वाट बघितली तर नुसती वर्षं जातील." माझ्या तोंडून हे निघालं याचं मलाच नवल वाटलं. ते तुझं बोलणं होतं. मुख्याध्यापकांनी थोडा वेळ टेबलावरची काच पुसली आणि मग म्हणाले, सोमवारपासून आणा.

बाहेर आल्यावर तू गाडीवर बसलीस. संकेश्वरच्या फाट्यावर चहाला थांबलो तेव्हा म्हणालीस, "लई बरं बोललास रं." आणि लगेच, "च्यात साखर कमी हाय."

मला तेव्हा तुला सांगायचं होतं की मी एकटा असतो तर असं कधी बोललो नसतो. फिजिओथेरपिस्टानं, पाय बरे व्हायचे नाहीत, हे मान्य करायला कुणीतरी शेजारी उभं असावं लागतं. ते सांगायचं राहिलं. चहा संपवून आपण निघालो.

आता आपलं शेवटचं भांडण.

आरती नववीत गेली. उंची वाढली तशा पायांच्या शिरा आणखी आखडल्या. बेळगावच्या हाडांच्या डॉक्टरांनी तिला तपासून मला सांगितलं, ऑपरेशन करायचं तर आता करा. शिरा सैल करू, मग काही महिने प्लास्टर, व्यायाम. वॉकर धरून चार पावलं टाकेल. मी आनंदात सुरेखाच्या घरी आलो. मला वाटलं होतं तू उडी मारशील.

तू म्हणालीस, "आत्ता न्हाय."

अंगणात आपण उभे होतो. आरती चाकाच्या खुर्चीत, सुरेखा दारात.

"आत्ता नाही तर कधी? आणखी उशीर केला तर शिरा दाद देणार नाहीत."

"म्होरच्या साली धावी हाय. प्लास्टरमदी परीक्षा देनार ती?"

"एक वर्ष मागं पडेल. काय बिघडलं? आयुष्यभर चालायला मिळेल."

"चार पावलं. तुझ्याच डाक्टरनं सांगितलं न्हवं, चार पावलं? ती चार पावलं टाकली म्हंजे तुमी टाळ्या वाजवनार, फोटो काडनार. धावी पास झाली तर ती कुटंतरी जाईल."

"दोन्ही का नको?"

"कारन वर्ष एकच हाय, इलासा! पायाच्या मागं लागून किती जनांची शाळा बुडली ते मला नगो सांगू."

तू दादूबद्दल बोलत होतीस हे मला कळलं होतं. म्हणूनच मी गप्प बसायला हवं होतं की म्हणूनच बोलायला हवं होतं, मला अजून ठरवता येत नाही. मी म्हणालो, "प्रत्येक पोर दादू नसतं, आक्का." तू माझ्याकडं बघितलंस आणि पिशवी खांद्याला अडकवलीस. त्या वेळी आरती काहीतरी बोलली. तिचं बोलणं जिभेत अडकतं, शब्द एकमेकांवर चढतात. मला ते नीट कळत नसे, ते तूच समजून मला सांगायचीस. पण तू रागात होतीस आणि म्हणालीस, "थांब गं जरा." आणि आपण निघालो.

निपाणीला तू उतरलीस. "तुजं डोस्कं थंड झालं की बोलू," म्हणालीस. मी म्हणालो, "माझं थंडच आहे." खोटं बोललो आणि ते तुला कळलं, कारण तू हसलीस.

त्यानंतर आठवड्याभरात तुझा फोन आला होता. दुसऱ्या गावातल्या एका मुलाचे पायाला आधार देणारे बूट छोटे झाले होते, नवं माप कधी घेतोस म्हणून. मी म्हणालो, मंगळवारी. तू म्हणालीस, बरं. ऑपरेशनचं तूही काढलं नाहीस, मीही नाही. मंगळवारी पहाटे तुझ्या छातीत दुखलं आणि दवाखान्यात नेईपर्यंत सगळं संपलं होतं. मी बेळगावातच उद्यमबागच्या रेल्वे फाटकापाशी बसच्या गर्दीत अडकलो होतो, मापं घ्यायला निघालो होतो, तेव्हा तुझ्या वहिनीचा फोन आला. आपलं शेवटचं बोलणं बुटांबद्दल झालं. कधी कधी मला ते बरंच वाटतं. कामाचं तरी बोललो.

तुझी जागा अजून भरलेली नाही. 'सध्या तुम्हीच बघा' असं साहेब म्हणाले. परवा बैठकीत मी एका मुलाबद्दल बोललो, त्याला दररोज व्यायामाला आणा म्हणालो. सगळ्यांनी माना डोलावल्या. कुणी म्हणालं नाही, "दररोज आनायला त्याच्या आईला तुजा बाप सोडनार काय शेतातनं?" आक्का, मला कुणी खोडलं नाही. माझं म्हणणं जसं होतं तसं मान्य झालं आणि मला भीती वाटली. मी बरोबर बोलतोय की नाही हे कळायची माझ्याजवळ दुसरी सोयच नव्हती. घरी येऊन बायकोला सांगितलं तर ती म्हणाली, बरं झालं की, वाद नाही झाला.

गाडी हलकी लागते आता. वळणावर तोल जातो. मागं तू असलीस की एका बाजूला पिशवीचं वजन असायचं, मी ते धरूनच गाडी वळवायचो. इतक्या वर्षांची सवय अंगातून जायला वेळ लागेल.

तू गेल्यावर पहिल्यांदा आरतीकडं गेलो ते मन घट्ट करून. सुरेखानं पाणी दिलं. रडून झालं. मग तिनं विचारलं, "आता काय करायचं सर आप्रेशनचं? बाई तर न्हाईत. तुमी म्हनाल तसं."

तुमी म्हनाल तसं. मी जिंकलो होतो, आक्का. समोर कुणी उरलं नव्हतं म्हणून.

मला ते सहन झालं नाही. मी तुझी बाजू मांडायला लागलो. दहावीचं वर्ष, प्लास्टर, महिने वाया जातील, पास झाली तर पुढं काय काय होईल. मी इतका वेळ बोललो, इतका तावातावानं, की सुरेखा गोंधळली. "म्हंजे करू नका म्हंता?"

"मी नाही, बाई म्हणायच्या."

"मग तुमी काय म्हंता?"

तेवढ्यात आरती बोलली. मला कळलं नाही. माझी मान आपोआप उजवीकडं वळली, तू बसायचीस तिकडं. तिकडं भिंत होती. आरतीनं ते बघितलं. ती पुन्हा बोलली. मला पुन्हा कळलं नाही. मी खुर्ची तिच्यासमोर ओढली, गुडघ्याला गुडघा लावून बसलो आणि म्हणालो, "सावकाश सांग. मला बाईंसारखं येत नाही. पण मी बसलोय."

तिनं खूप वेळ घेतला. मानेच्या शिरा ताठ झाल्या.

"सं... डास."

सुरेखा चटकन उठली. "काय बोलतीस गं सरांम्होरं! चल, नेते."

आरतीनं मान जोरात हलवली. तिला जायचं नव्हतं. तिला बोलायचं होतं. एक एक शब्द करत तिनं जे सांगितलं ते असं. तिला चालायचं नाही. चार पावलंही नकोत. तिला संडासात एकटीनं जायचंय. उभं राहायचं, वळायचं, बसायचं. दार लावून. आई उचलते आणि आईची कंबर मोडलीय. शाळेत आई दुपारी येते तोवर थांबावं लागतं. म्हणून ती सकाळपासून पाणी पीत नाही.

"पाणी पीत नाहीस?"

"न्हाय."

"कधीपासून?"

तिनं सुरेखाकडं बघितलं. सुरेखा पदरात तोंड घालून बसली होती. तिलाही माहीत नव्हतं.

आपण दोघं तिच्या अंगणात उभं राहून तिच्या पायांवरून आणि तिच्या दहावीवरून भांडत होतो आणि पोरगी तहानलेली बसली होती. तू तिला 'थांब गं जरा' म्हणालीस तेव्हाही ती कदाचित हेच सांगत असेल. मी तुला दोष देत नाही. मला तर ते ऐकूही आलं नव्हतं, तुला निदान ऐकू आलं होतं. पण त्या संध्याकाळी परतताना मला एवढंच वाटत होतं की आपण दोघंही हरलो, आणि हे ज्याला हसून सांगावं असं माणूस एकच होतं. एकट्यानं बरोबर असणं मी बैठकीत बघितलं होतं. एकट्यानं चुकणं त्याहून जड आहे.

मी डॉक्टरांकडं परत गेलो. विचारलं, "सर, चालायचं सोडून द्या. उभं राहून वळायला आणि बसायला काय लागेल?" त्यांनी थोडा विचार केला. म्हणाले, "एवढंच हवं असेल तर ऑपरेशनची घाई नको. हात बळकट करा, धरायला पक्का दांडा द्या. दहावीनंतर परत बघू." म्हणजे तुझंच खरं झालं, आक्का. पण तुझ्या कारणानं नाही, हे मी इथं स्पष्ट नमूद करतो.

माझा चुलतभाऊ उद्यमबागेत फॅब्रिकेशनच्या कारखान्यात आहे. त्याला सांगून दोन जाड पाइप वाकवून घेतले, हात घसरू नये म्हणून वरून रबर चढवलं. उंची किती ठेवायची हे मी माझ्या मापानं ठरवत होतो. मग तुझा आवाज डोक्यात आला, आणि आरतीला विचारलं. ती म्हणाली, खाली. मी म्हणालो, इतकं खाली नको, वाकावं लागेल. ती म्हणाली, खाली. मी वाद घातला. तिनंही घातला. एक शब्द काढायला तिला माझ्या दहा शब्दांएवढा वेळ लागतो आणि मला थांबावं लागतं, त्यामुळं तिच्याशी भांडताना माझा आवाज चढतच नाही. दांडा खालीच बसवला. सुरेखाच्या दिरानं घरामागच्या संडासाची पायरी फोडून उतार करून दिला. पुढचे काही आठवडे आम्ही फक्त एवढंच केलं. धर, ऊठ, वळ, बस. पाढे म्हणायला तू नव्हतीस, म्हणून ती स्वतःच इतिहासाचं पुस्तक मांडीवर ठेवून घ्यायची आणि दम खाताना वाचायची.

हायस्कूलच्या मुख्याध्यापिका शाळेतही असाच दांडा बसवतो म्हणाल्यात. अजून बसलेला नाही. मी दर आठवड्याला विचारतो. तू असतीस तर एव्हाना तिथं खुर्ची टाकून बसली असतीस.

काल मी गेलो तेव्हा आरती मला म्हणाली, "बघा." हा शब्द मला लगेच कळला. तिनं चाकाची खुर्ची उतारावरून संडासाच्या दाराशी नेली, ब्रेक लावला, दांडा धरला आणि उठली. गुडघे सरळ झाले नाहीत. वाकडीच उभी राहिली, थरथरत, ओठ चावत. मी हात पुढं केला तर तिनं डोळ्यांनीच नको म्हटलं. वळली. आत गेली आणि दार ओढून घेतलं.

सुरेखा धावली. "आगं उगडं ठेव, पडशील!"

आतून कडी लागली.

सुरेखाचा हात दारावर तसाच राहिला. लेक जन्मल्यापासून तिला या दाराबाहेर कधी थांबावं लागलं नव्हतं. काय करावं तिला सुचेना. पदर सारखा केला, खुर्चीवरची धूळ झटकली, परत दाराकडं बघितलं. आत आरती एकटी होती, तिला हवी तशी एकटी. बाहेर मी होतो, आक्का, आणि माझ्या उजव्या बाजूला कुणी नव्हतं.

"किती येळ लागंल सर?" सुरेखानं हळूच विचारलं.

"तिला लागेल तेवढा," मी म्हणालो.

आम्ही थांबलो.